गोष्ट माहेरी आली तेव्हा

एसटीच्या कंडक्टरनं शाळेसमोर गाडी थांबवली, खाली उतरून तो म्हणाला, "सुमनबाई गेल्या. पुण्यात, भावाच्या घरी." आजारपणामुळे ती तिकडे होती; मी चौथीच्या वर्गावर होते. त्याला आता महिना होऊन गेला. पण सुमनताई आठवली की डोळ्यांत पाणी यायच्या आधी तिची धांदलच डोळ्यांपुढे उभी राहते...

कोळवणच्या शाळेत आम्ही दोघीच शिक्षिका, एकाच खोलीत राहायचो. एका रविवारी ती पुण्याच्या जुन्या बाजारातून एक इंग्रजी पुस्तक घेऊन आली. प्राण्यांच्या नीतिकथांचं अगदी सुरुवातीच्या काळातलं भाषांतर. पानं पिवळी, स्पेलिंगं चमत्कारिक. "अगं, या गोष्टी आपल्याकडच्याच! फारसीत गेल्या, अरबीत गेल्या, देशोदेशी फिरत इंग्रजीत पोचल्या. आता मी त्यांना माहेरी आणणार!" तव्यावर भाकरी करपत होती, पण बाईसाहेबांना पत्ताच नव्हता.

दोन वर्षं ती त्या गोष्टींचं मराठी करत होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की खोलीपुढच्या ओट्यावर बसून झालेली पानं मोठ्यानं वाचायची. धोंडिबा धनगर मेंढरं ओढ्याकाठी सोडून ऐकायला यायचा. पुढे पुण्याच्या एका प्रकाशकानं पुस्तक घेतलं, छपाईचा दिवस ठरला. चार महिने मेंढरं घेऊन बाहेर गेलेला धोंडिबा नेमका आदल्या दिवशी, गुरुवारी, परतला आणि सिंहाच्या कपटी प्रधानाची गोष्ट त्यानं पहिल्यांदाच ऐकली.

"बाई, परधान कोण म्हनला?"

"खोकड."

"न्हाई वो! खोकड लई भित्रं. एकलंच हिंडतंय, उंदरं-टोळ खातंय. वाघामागं उष्ट्यासाठी जातोय त्यो कोल्हा!"

सुमनताई टाळी वाजवून उठलीच. मुळात कोल्हाच असणार! तो कधी न पाहिलेल्या कुणा परदेशी भाषांतरकारानं त्याच्या देशातलं ओळखीचं जनावर, 'फॉक्स', तिथं घातलं, आणि हिनं नेमकेपणाच्या हौसेनं शब्दकोश उघडून त्याचं 'खोकड' केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रजा टाकून पहिल्या गाडीनं छापखान्यात. प्रकाशक वैतागले. "बाई, सगळा मजकूर जुळवून झालाय. एका जनावरासाठी छपाई थांबवू?"

"जनावरच चुकलं तर गोष्ट कशाची? मी बसते ना जुळवायला!"

आणि खरंच बसली. अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटरशेजारी स्टूल ओढून, चिमट्यानं शिशाचे टाइप काढत, दिवसभर. मी पानं धुंडाळून 'खोकड' दाखवायची, ती दोघं 'कोल्हा' बसवायची. संध्याकाळी तिची बोटं काळी, गालावर शाई, आणि चेहरा असा, जणू घरचं लग्नकार्य पार पाडून आलीय. "आला गं कोल्हा घरी!" ती छापखान्याच्या दारातच ओरडली. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

पुस्तक निघालं. प्रस्तावनेत पहिले आभार धोंडिबाचे. शनिवारचं वाचन मात्र थांबलं नाही. कोल्ह्याची गोष्ट तर धोंडिबा दर खेपेला मागून घ्यायचा.

गेल्या शनिवारी तो आला. ओट्यावर नेहमीच्या जागी टेकला. मग म्हणाला, "वाचा की तुमी." मी तीच गोष्ट काढली. कोल्हा सिंहापुढे येऊन वाकतो तिथवर आले, तोच त्यानं हात वर केला.

"थांबा बाई. हितं त्या पानी प्यायच्या."

इतकी वर्षं एका खोलीत राहून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी थांबले. धोंडिबा ओढ्याकडे बघत राहिला, एक माणूस सावकाश पाणी पिईल तेवढा वेळ...

"हां," तो म्हणाला, "आता फुडं."