कॅमेऱ्यामागचा आवाज

माझी थोरली बहीण आयुष्यभर बसस्थानकात बोलत राहिली. काचेची छोटी खोली, समोर माईक, हाताशी गाड्यांचं वेळापत्रक. कुठली गाडी कुठं लागली, कुठली उशिरा येणार, कोणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं ती सांगायची. तिचा चेहरा कोणी ओळखत नसे. पण दुकानात तिनं तोंड उघडलं की माणसं वळून बघायची.

घरी आली तरी तिची सवय सुटत नसे. भावजींनी हौसेनं व्हिडिओ कॅमेरा आणला, पण त्यांच्या चित्रात माणसांची डोकीच येत नसत. म्हणून कॅमेरा ताईच्या हातात आला आणि तिथंच राहिला. आणि कॅमेरा चालू असताना गप्प राहणं तिला जमलंच नाही. "आमच्या कन्या पायऱ्यांवरून उतरत आहेत. एका पायात चप्पल आहे, दुसरीचा शोध चालू आहे." लहानगी भाची रडकुंडीला यायची. "आई, तू बोलू नकोस ना!" पुढं कधी पाहुण्यांना कॅसेट दाखवायची वेळ आली की ताई स्वतःच आवाज बारीक करायची. "माझ्या बडबडीनं सगळं बिघडलंय बघा," म्हणायची. त्यामुळे आमच्या घरच्या कॅसेटींमध्ये ताई कुठंच दिसत नाही. फक्त ऐकू येते.

भावजी गेले, कॅमेरा कपाटात गेला, भाची शाळेत विज्ञान शिकवायला लागली. मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहतो. मागच्या वर्षी ताईचा आवाज बसला तो सुटेचना. तपासण्या झाल्या आणि गळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. "आवाजावर परिणाम होऊ शकतो," असं डॉक्टरांनी मायलेकींना सांगितलं होतं. पण एकदा ताई एकटीच गेली आणि तिनं त्यांना सरळ विचारलं. परत आली ती जिन्यातच मला भेटली.

"स्वरयंत्र काढणार आहेत," ती म्हणाली. दाढ काढायची असावी तसं.

मी कठडा धरला.

"पोरीला सांगू नकोस. ती आत्तापासून रडत बसेल, आणि तिची समजूत घालायला माझ्याकडे फारसा आवाज उरलेला नाही."

"मग मी काय करू, ताई?"

"तू घाबर. ते तुला छान जमतं." मग म्हणाली, "हे बघ, त्या जुन्या कॅसेटींची डिस्क करायला सांगितलीय तिला. मी म्हटलं, तुझं लहानपण बघायचंय मला. खरं म्हणजे मला माझा आवाज ठेवायचाय रे. पुढं तो कसा होता हे मलाच आठवलं नाही तर?"

हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली. तिची भीती तिनं माझ्या खिशात टाकली आणि स्वतः मोकळी होऊन वर्तमानपत्र वाचत बसली.

कॅसेटी बाहेर काढल्या तर बहुतेकींना बुरशी लागलेली. एकच धड दिसत होती. भाचीनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, कॅमेरा वायरीनं जोडला. कॅमेरा सुरू झाला की आतून करकर आवाज यायचा, आणि दर करकरीला मी उठून कॅमेऱ्यावर वाकायचो. ती फीत आत गुंडाळली गेली असती तर संपलंच असतं.

"मामा, तुम्ही लांब बसा बरं. तुम्हाला बघून मला धडधडायला लागतं."

कॅसेट एकदाची लॅपटॉपमध्ये उतरली. आता ती नीट कापून, जोडून डिस्कवर टाकायला सॉफ्टवेअर हवं होतं. पहिलं फुकटातलं होतं. त्यानं चित्राच्या मधोमध स्वतःचं नाव छापलं, नेमकं पोरीच्या तोंडावर. दुसरं काही दिवस वापरून बघायला मिळत होतं. ते उघडलं तर पडदाभर बटणं आणि पट्ट्या. विमान चालवायला बसल्यासारखं वाटलं. भाचीनं एक पट्टी सरकवली तर चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे गेला. ताई मागून खरखरत म्हणाली, "अगं बये, हे शिकेपर्यंत माझं ऑपरेशन होऊन टाकेही निघतील."

तिसरं तिनं मी वर गेलेलो असताना निवडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली बोलावलं. डिस्क तयार होती.

"याला काही शिकावंच लागत नाही, मामा. 'आनंदी' असं निवडलं की हात हललेली चित्रं तेच गाळतं, चांगली तेवढी जोडतं, संगीतही घालतं."

आम्ही बघायला बसलो. पिआनो वाजत होता. पायऱ्या आल्या, एका पायातली चप्पल आली. रडकुंडीला आलेलं तोंड उघडलं, मिटलं, पण त्यातून शब्द आला नाही. मी वाट बघत राहिलो. आता येईल, पुढच्या चित्रात येईल. पिआनो वाजतच राहिला. ताईकडे बघायचा धीर होईना.

"तुझी बडबड पण काढून टाकली, आई," भाची खुशीत म्हणाली. "नेहमी म्हणायचीस ना, सगळं बिघडतं म्हणून? बघ आता!"

"छान झालंय हं," ताई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी मागोमाग गेलो. ती रिकाम्या हातांनी वाहत्या नळापाशी उभी होती. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

दिलेला शब्द मी सहसा मोडत नाही. मोडायची भीती वाटते म्हणून. पण त्या दिवशी गप्प राहायची भीती मोठी ठरली. भाचीला गॅलरीत नेऊन मी सगळं सांगितलं. ती एकदम आत पळाली आणि लॅपटॉप उघडला.

"मामा," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "डिस्क झाल्यावर त्यानं विचारलं होतं, मूळ फायली काढून जागा मोकळी करू का. मी हो म्हटलं."

म्हणजे आवाज होता तो आता फक्त त्या एका फितीवर, आणि ती चालवायला तो एकच करकरता कॅमेरा. व्हिडिओच्या दुकानात फोन केला. पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. ताईला दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं.

सकाळी ताई आतल्या खोलीत पिशवी भरत होती. आम्ही दार लोटून घेतलं. भाची पुन्हा सॉफ्टवेअर शोधायला लागली. एकात म्हणे आवाज स्वच्छ करायची सोय होती, एकात खरखर काढायची. माझा काढण्याबिढण्यावरचा विश्वासच उडाला होता. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या खोक्यात तळाशी, कॅमेऱ्याबरोबरच आलेली सॉफ्टवेअरची एक डिस्क सापडली.

"हे अगदीच साधं आहे, मामा. कापता येत नाही, काही घालता येत नाही. आहे तसं उतरवतं आणि डिस्कवर टाकतं, बस्स."

"मग हेच घे," मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी कधी बोललो असेन असं वाटत नाही.

ताईला ऐकू जाऊ नये म्हणून भाचीनं कानांना हेडफोन लावला. फीत फिरायला लागली. मला काहीच ऐकू येत नव्हतं, कॅमेऱ्याच्या करकरीशिवाय. पडद्यावर चित्राचे चौकोन फुटत होते, पुन्हा जुळत होते. मी पडदा सोडून तिच्या तोंडाकडे बघत बसलो. ते कोरं होतं. मग भुवया हलल्या. मग तिनं हाताच्या मुठीनं तोंड दाबून धरलं.

"आहे?" मी खुणेनं विचारलं.

"आहे," तिनं मान हलवली.

त्याच क्षणी करकर थांबली. कॅमेऱ्याचं झाकण अर्धवट उघडून अडकलं आणि फितीचा एक वेढा बाहेर लोंबायला लागला. आम्ही दोघंही हललो नाही. मग तिनं बोटाच्या टोकानं ती फीत हळूहळू आत सरकवली. शाळेत पोरांना फुलपाखराचे पंख दाखवताना धरत असेल, तसं. कॅमेरा पुन्हा चालू झाला, जरा पुढं गेला आणि कायमचा बंद पडला. कॅसेट आतच राहिली. मिळालं तेवढं तिनं घाईघाईनं डिस्कवर टाकलं. खाली गाडी येऊन उभी होती.

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर भाचीनं माझा हात घट्ट धरला. "मामा, हेडफोन मी कॅमेऱ्याला लावला होता. लॅपटॉपला नाही. म्हणजे आवाज फितीवर आहे एवढंच मी ऐकलं. तो पुढं उतरला की नाही, कोणास ठाऊक."

आत ताईला झोपेचं इंजेक्शन दिलं होतं. त्याआधी ती मला काय म्हणाली ते मी धड ऐकलंही नाही, इतकं माझं डोकं त्या डिस्कमध्ये अडकलं होतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. ताईच्या गळ्याला भोक आलं, त्यात नळी आली. ती दवाखान्यात होती तोवर डिस्क लावून बघणं माझ्या हातात होतं. रोज मी टीव्हीपाशी जायचो आणि परत फिरायचो. भाची कपडे न्यायला घरी यायची, पण लॅपटॉप उघडत नव्हती. एकमेकांना आम्ही काही विचारत नव्हतो. बघत नव्हतो तोवर तरी आवाज होता.

ताई घरी आली आणि पहिल्याच संध्याकाळी तिला टीव्हीजवळची नवी डिस्क दिसली. तिनं भुवया उंचावून भाचीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं खाली बघायला लागलो. तिनं स्वतःच डिस्क आत सरकवली.

पडदा निळा झाला, निळाच राहिला. मग पायऱ्या आल्या, चप्पल आली. आवाज नव्हता. भाचीनं डोळे मिटले. चित्र चौकोनांत फुटलं, जुळलं, आणि एकदम, मध्येच तोडल्यासारखी, ताई बोलायला लागली. तो भरदार, स्वच्छ, बसस्थानकातला आवाज. "...आणि हे आमचे धाकटे बंधू. दिवा बदलायला शिडीवर चढले आहेत. दिवा बदलून झाला आहे. आता उतरण्यासाठी ते योग्य मुहूर्ताची वाट बघत आहेत."

ताई खुर्चीत पुढं वाकली. तिचे खांदे गदागदा हलायला लागले, गळ्यातल्या नळीतून शीळ घातल्यासारखी हवा यायला लागली. चेहरा लाल झाला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, नळी अडकली. "फोन कर, डॉक्टरांना फोन कर!" मी ओरडलो आणि तिचे खांदे धरले.

तिनं मला ढकललं. एकदा, आणि पुन्हा जोरात.

"मामा, सोडा तिला," भाची म्हणाली. "हसतेय ती."

ताईनं डोळे पुसले, भाचीच्या हातातून रिमोट घेतला आणि शिडी पुन्हा सुरुवातीपासून लावली.