आईच्या डबीवरचं नाव

मंडळी, आज दुपारी घरी जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आईची चांदीची सुपारीची डबी आहे. वडील फौजेत होते. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत त्यांनी तिच्या झाकणावर स्वतःच्या हातानं आईचं नाव कोरलं, 'मालन'. जागा पुरली नाही, म्हणून शेवटचा 'न' जरा वर चढलेला. वडील आता नाहीत आणि आईची नजरही गेली. ती रोज त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत बसते.

पुतणीचं लग्न जवळ आलंय, म्हणून दादानं हौसेनं डबी साताऱ्यात पॉलिशला टाकली. आज घेऊन आला. नव्यासारखी चकचकीत, पण मशिनवर घासताना अक्षरं पार गेली होती.

आईनं झाकण चाचपलं. "ही माझी न्हाई. सराफानं बदलली बघ."

दादा खाली मान घालून म्हणाला, "व्हय आई, बदलली असंल. उद्या जाऊन बघतो."

मला ते बघवलं नाही. मी खरं काय ते सांगून टाकलं.  आईनं डबी माझ्यापुढं धरली.

"तुला दिसतंय न्हवं? उजेडात बघ जरा. थोडंबी उरलं न्हाई?"

मी दारात जाऊन डबी सगळीकडून फिरवून बघितली. काहीच नव्हतं. तरी तोंडातून निघून गेलं, "हाय आई, पुसट हाय."

तेव्हापासून ती अंगठ्यानं ते नाव शोधत बसलीय.

जुनी चांदी काळी पडली तर मऊ कापडानं पुसा, मशिनला देऊ नका. आणि मी आता तिला काय सांगू, तेवढं सांगा.