काळी चिकटपट्टी

“फुकटात देणारा कायतरी नेतोच, शेठ,” तो आमच्या मालकांना सांगत होता. भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपचे कॉम्प्युटर तोच बघतो. मी तिथे सुट्या भागांची ड्रॉइंग काढते. त्याने नुकतंच माझ्या कॉम्प्युटरवर ड्रॉइंगचं एक मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाकलं होतं. ते बनवणाऱ्यांनी पडद्यावर विचारलं होतं: तुम्ही कोणती बटणं वापरता, कुठे अडतं, एवढी माहिती आम्हाला पाठवाल का? ड्रॉइंग जाणार नाहीत, असंही लिहिलं होतं. मी वाचत असतानाच त्याने ‘नाही’ दाबलं.

त्याचा कुणावरच विश्वास नाही. कॉम्प्युटरच्या प्रत्येक कॅमेऱ्यावर तो काळी चिकटपट्टी लावतो, पासवर्ड टाकताना अंग वळवतो, चहासुद्धा डोळ्यांसमोर ओतलेलाच पितो. मला ते बरं वाटायचं. ज्या चाकणच्या कंपनीचे भाग आम्ही बनवतो, तिची ड्रॉइंग बाहेर गेली तर आमचं काम जाईल, आणि त्याआधी माझी नोकरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. “ताई, ती ब्रॅकेटची फाइल सेव्ह करा की. कवापासनं उघडीच हाय.”

तो तेव्हा काळेवाडीत, स्वतःच्या दुकानात बसला होता.

संध्याकाळी आला तो हसतच. “हितली स्क्रीन मला दुकानातनं दिसती, ताई. सगळ्याच गिऱ्हाइकांकडं तशी सोय केलीय. माझा हेलपाटा वाचतो.”

एरवी मी त्याच्यासमोर नुसती मान हलवते.

“तुमची सोय आधी काढा,” मी म्हणाले. “सॉफ्टवेअरवाल्यांनी निदान विचारलं होतं. त्यांना काय द्यायचं, ते मी ठरवते.”