आण्णांनी जिवंतपणीच सांगून टाकलं

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका रविवारी आम्हा सगळ्यांना गावी जेवायला बोलावलं. आमचं गाव इस्लामपूरजवळ. मी नवऱ्याबरोबर कुपवाडहून गेले. भाऊ गावातच असतो, ऊस तोच बघतो. आत्याही आली होती. ती आण्णांची धाकटी बहीण, ऐन पंचविशीत विधवा होऊन माहेरी परतलेली. आण्णा सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. हृदयाचं दुखणं निघालं होतं, पण आवाज अजून कवायतीच्या मैदानावरचाच.

जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांना बसवलं. "दोन गोष्टी हायेत. आत्ताच सांगतो, म्हंजे मागनं भांडनं नकोत."

पहिली गोष्ट मृत्युपत्राची. ते त्यांनी आधीच नोंदवून ठेवलं होतं. राहतं घर आईच्या नावावर. निवृत्तीनंतर घेतलेलं रान आम्हा दोघा भावंडांना निम्मं निम्मं. आमच्या भावकीत मुलगी एक साडी घेते आणि हक्क सोडल्याची सही करून येते. मीही तेच करणार असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

भाऊ म्हणाला, "द्या की तिला. पर ऊस मीच करनार."

"कर. तिच्या वाट्याचा वर्साचा खंड देत जा म्हंजे झालं," आण्णा म्हणाले. भाऊ हसला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"दुसरी गोष्ट. मी गेल्यावर हिच्या बांगड्या फोडायच्या न्हाईत, कुंकू पुसायचं न्हाई. भावकीतल्या बायका येतील. त्यांना आडवायचं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आवं, बांगड्या माझ्या हायेत न्हवं? मग मला इचारा की."

आण्णा थांबले. जन्मभर हुकूम देत आलेला माणूस, पण मान वळवून त्यांनी खरंच विचारलं, "बरं. तुझं काय म्हननं?"

"ऱ्हाऊ द्यात. आनि मंगळसूत्र कवा काढायचं, काढायचं का न्हाई, ते माझं मी बघीन."

आत्या हळूच म्हणाली, "माझ्या येळंला तू सुट्टीवर आलावतास, दादा. भाईरच्या कट्ट्यावर बसलावतास."

"व्हय," आण्णा म्हणाले. "काय बोललो न्हाई. बोलाय पायजे व्हतं."

आत्या उठली, ताटं गोळा केली आणि आत गेली.

पुढच्या ऊसतोडीच्या दिवसांत आण्णा गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. मी पोहोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. अंघोळ घालायची तयारी सुरू झाली, तशा भावकीतल्या बायका आईभोवती जमल्या. एका थोरल्या चुलतीनं आईचा हात धरला. काय बोलायचं ते मी गाडीत मनाशी घोकत आले होते, पण मी दारातच उभी राहिले.

आत्या उठून आईला खेटून बसली. आईचे दोन्ही हात तिनं आपल्या मांडीवर घेतले. "हिच्या हाताला कुनी हात लावायचा न्हाई. दादा सांगून गेलाय."

"अगं, रीत हाय ती," चुलती म्हणाली.

"रीत मला ठाव हाय. माझ्यावर झालीय."

चुलती मागं सरकली. दोघी-तिघी उठून बाहेर गेल्या, बाकीच्या तिथंच बसून राहिल्या. आईचं कुंकू रडून रडून कपाळभर पसरलं होतं. आत्यानं पदराच्या टोकानं कडा पुसून ते नीट केलं. आण्णांना उचललं तेव्हा आई दारापर्यंत चालत आली.

गावात बोलणं व्हायचं ते झालं. त्या संक्रांतीला आईला दोनच घरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. त्या दोन्ही घरी ती गेली. मंगळसूत्र तिनं काही महिन्यांनी स्वतःच काढून कपाटात ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाली, "टोचायचं मानंला." भावानं तलाठ्याकडं जाऊन सातबाऱ्यावर माझं नाव लावून घेतलं. मला बोलावलं ते नुसतं सहीला. आई तिच्या घरात राहते, पेन्शन आणायला स्वतः इस्लामपूरला जाते.

मध्यंतरी मी नवऱ्याजवळ आमच्या दोघांचा विषय काढला. घर कुणाचं, त्याच्या वर्कशॉपचं काय, आणि मागं राहील त्यानं कसं राहायचं.

"आत्ताच कशाला असलं अभद्र?" तो म्हणाला.

"आत्ता दोघांचीही डोकी ठिकाणावर आहेत म्हणून."

त्यानं टीव्ही बंद केला आणि आमच्या मुलांनाही ऐकायला बाहेरच्या खोलीत बोलावलं.