घळीचे फाटक

दोमितिला कात्रिलेओ लाल घळीची राखणदार झाली आणि तिचा धाकटा भाऊ एलेओदोरो तिच्याशी बोलेनासा झाला. घळीत डायनासोरची हाडे सापडल्यावर सरकारने कुंपण घातले, आणि वाडवडिलांपासून वादळात शेळ्या जिथे नेत, तो कपारीखालचा निवारा बंद झाला. बहिणीने नोकरी नव्हे, कुंपणाची बाजू धरली, असे तो म्हणे. राखण कोणीतरी करणारच, मग घळ ओळखणारीने का करू नये, असे ती.

ऑक्टोबरात, आमच्याकडे नुकता वसंत लागतो तेव्हा, आम्ही नन्सच्या शाळेत शिकवलेल्या चौघी म्हाताऱ्या तिच्याकडे गेलो. ती आमच्याच वसतिगृहात वाढलेली. कपारीखाली एका प्रचंड मानेचे काही मणके उघडे होते. हाडे जपायला वरून लावतात ते प्लास्टर अजून चढायचे होते. दिसायला दगड, पण खूर पडला तर चुरा. बोट लावाल तर बोट इथेच राहील, असे तिने आम्हांला बजावले.

दुपारी दक्षिणेचा वारा सुटला, पाठोपाठ बर्फाळ पाऊस. फाटकापाशी एलेओदोरो येऊन उभा राहिला. मागे नुकत्याच व्यालेल्या शेळ्यांचा कळप, खोगिराच्या पिशवीत ओली करडे. दोन वाटेतच गारठून गेली, बाकीची संध्याकाळ काढणार नाहीत, असे त्याने तिच्याकडे न बघता सांगितले.

दोमितिलाने साखळी घट्ट धरली. एक मणका फुटला तर नोकरी जाणार होती, आणि तसला मणका पुन्हा मिळणार नव्हता.

"उघडतेस की तारा तोडू?"

"तोडून बघ. ठाण्यात मीच नेईन तुला."

"मग हे घे." त्याने एक करडू तारेवरून तिच्या हातांत ठेवले. "याच्या आईला तूच सांग."

गारठ्याने करडाचे थरथरणेही थांबत चालले होते. ती आमच्याकडे वळली.

"बाई, गुडघे दुखतात ना तुमचे?"

दुखतात, म्हटले.

"तरी खाली बसावं लागेल."

तिने आम्हांला मणक्यांभोवती खेटून बसवले, पाठी बाहेर, आणि मग फाटक उघडले. कळप लोटला. पाठीत शिंगे बसू लागली. आमच्यातली ओफेलिया जपमाळ ओढत मध्येच "हट, निर्लज्जे" म्हणत होती. एवढ्यात एका बोकडाने तिच्या खांद्यावरून झेप घेतली. एलेओदोरोने मागची तंगडी धरून त्याला मागे खेचले आणि तो स्वतः बोकडासकट कपारीच्या दगडावर आपटला. नंतर पाऊस थांबेपर्यंत तो आमच्याच रांगेत बसून राहिला, खांदा दाबत.

मणके शाबूत होते. दोमितिलाच्या हातांत दिलेले करडू आता आईला लुचत होते.

"लेंड्या झाडून टाकतो," तो म्हणाला. "कोणाला कळायचं नाही."

"तुम्ही बसला होतात तेव्हाच मी वायरलेसवर वरच्यांना कळवलंय."

"वेडी आहेस का? काढून टाकतील."

"टाकू देत. लपवलं तर पुढच्या वादळात परत लपवावं लागेल. त्यापेक्षा निवारा तोंडावर मागू."

सरकारने तिला काढलेच. सामान न्यायला एलेओदोरो खेचर घेऊन आला. नव्या राखणदाराला त्याने रामराम केला नाही. बहिणीची पेटी मात्र दुखऱ्या खांद्यावर घेतली.

"चल, ताई. अजून बऱ्याच जणी व्यायच्यात."