नाव लिहायचं बाकी

नोकरी सोडल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं. जळगावच्या पिंप्राळ्यातलं आमचं घर तसं लहान, त्यात मी सकाळपासून येरझाऱ्या घालायचो. बायको म्हणायची, "अहो, फरशी झिजेल, आणि ती घरमालकाची आहे." ती शाळेत शिकवायला गेली की मी लॅपटॉप उघडायचो, बंद करायचो, स्कूटर काढून उगाच हायवेपर्यंत जाऊन यायचो आणि पुन्हा लॅपटॉप उघडायचो.

काम खरं तर सोपं होतं. ठिबकच्या एका कंपनीत मी शेतांचे आराखडे काढायचो. विहीर कुठे, मुख्य नळी कुठून न्यायची, जमिनीचा उतार कुठल्या अंगाला, असलं सगळं. तेच काम आता स्वतःच्या नावावर करायचं होतं आणि त्यासाठी एक वेबसाइट हवी होती. आयतं टेम्प्लेट मिळतं. पानं मांडून ठेवलेली असतात, आपण नमुन्याचा मजकूर काढून आपला भरायचा. माझ्या टेम्प्लेटच्या पहिल्या पानावर एक दाढीवाला गोरा होता, हातात कॉफीचा मग, पाठीमागे बर्फाचे डोंगर. फोटोखाली इंग्रजीत लिहिलेलं, ‘तुमचं नाव इथे’.

पहिल्याच दिवशी मी ते जसंच्या तसं इंटरनेटवर चढवलं. चढलं, आणि मला उगाचच मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं. त्यानंतर मात्र माझा जीव भांड्यात पडेना. निळा रंग बघितला, तो दवाखान्यासारखा वाटला. हिरवा लावला, तो बियाण्यांच्या दुकानासारखा. अक्षरं बदलली, फोटो बदलले, गोऱ्याला हाकलून त्याच्या जागी स्वतःला बसवलं. एका फाइलीत कुठेतरी दोन अक्षरांमध्ये एक जागा जास्त सुटली होती तर अख्खं पान उघडेना, तेव्हा लॅपटॉप उचलून आपटावासा वाटला होता. आणि ‘माझ्याविषयी’ हे पान काही केल्या लिहून होईना. कंपनीत होतो तेव्हा कंपनीचं नाव सांगितलं की भागायचं. आता काय सांगायचं? लिहायचो, पुसायचो, उठायचो, फ्रिज उघडून नुसताच बघत उभा राहायचो.

अशात आबांचा फोन आला. आबा, म्हणजे माझे वडील, एरंडोलच्या पुढे आमच्या गावी शेती बघतात.

"कव्हय उघडस तुनं ते?"

"आबा, ते ऑफिस नही, वेबसाइट शे. उघडीच ऱ्हास ती."

"उद्घाटन करनं पडी ना पन. रविवारले वावरमा भरीत करूत. मी बठ्ठास्ले सांगेल शे."

वेबसाइटचं उद्घाटन हे आमच्याच लोकांना सुचू शकतं. आमच्याकडे नवा ट्रॅक्टर आला, बोअरला पाणी लागलं, कुणाची बदली जवळ झाली, काहीही झालं की थंडीत वांगी भाजायची आणि भाऊबंदांना शेतात बोलवायचं. बठ्ठास्ले, म्हणजे सगळ्यांना, सांगून झालं होतं; मी हसलो आणि हो म्हणून बसलो.

दुसऱ्या दिवशी नानांचा फोन. नाना आबांचे चुलतभाऊ, भाऊबंदांत सगळ्यात थोरले. "साहेब व्हयना म्हने तू. जळगावले कंपनीनी नवी शाखा, अन तू तठला मोठा साहेब."

मी काहीतरी हं-हं करून फोन ठेवला आणि लगेच आबांना लावला. हे शाखेचं काय, म्हणून विचारलं. ते एवढंच म्हणाले, "तू तुनं पान तयार ठेव."

म्हणजे नोकरी सोडल्याचं त्यांनी गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. मी गावी गेलो की ‘सुट्टीवर आयेल शे’ असं सांगत आले होते. इतकी वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक कानबाईच्या उत्सवाला ‘मना पोऱ्या कंपनीमा शे’ हे वाक्य त्यांनी मान ताठ ठेवून म्हटलेलं मी ऐकलं होतं. आता रविवारी पान उघडणार, त्यावर कंपनीचं नाव नसणार, नुसतं माझं असणार, आणि आबा सगळ्या भाऊबंदांसमोर खोटे पडणार. मला त्यांचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःची लाजही वाटली. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग नका दाखवू." पण न दाखवलं तर पोरगा रिकामा बसलाय हे उघड होणार. दोन्हीकडून मरण. शनिवारी मी पहिल्या पानाचा रंग पुन्हा बदलला.

रविवारी शेतात गेलो तर धूर आधीच वर चढला होता. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती, दोघं-तिघं लाकडी बडगीत ती ठेचत होते, मिरचीचा ठसका पार बांधापर्यंत येत होता. बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळत होत्या. आणि विहिरीच्या काठावर, जिथे काय ती मोबाइलला रेंज येते, तिथे आबांनी पाट मांडला होता. पाटावर नारळ, हळद, कुंकू.

"फोन ठेव यावर," आबा म्हणाले.

मी ठेवला. आबांनी माझ्या फोनला कुंकू लावलं. नारळ फोडला, पाणी फोनवर उडालं, ते मी बाहीने पुसलं. भाऊबंद गोल करून उभे राहिले. मी पत्ता टाकला. पान हळूहळू वरून खाली उतरायला लागलं. आधी बर्फाचे डोंगर आले, मग कॉफीचा मग, मग दाढी.

पुन्हा उघडलं, पुन्हा तोच. मग एकदम लक्षात आलं. बदल केले की आपोआप वर जातात असं मी धरून चाललो होतो. तसं नव्हतं, दर वेळी ते मुद्दाम चढवावे लागत होते, आणि मी पहिल्या दिवसानंतर एकदाही चढवले नव्हते. माझं नाव, माझे आराखडे, माझा हिरवा रंग, सगळं पिंप्राळ्याच्या घरातल्या लॅपटॉपवर, फक्त मला दिसणारं. जगाला आजपर्यंत हा गोराच दिसत होता. विहिरीत उडी टाकावी असं वाटलं.

नानांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"कोन शे हाऊ? कंपनीना मालक का?"

"फॉरेननी कंपनी दिखस," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. गोऱ्याकडे बघून त्यांचा माझ्याविषयीचा आदर वाढलेला मला दिसत होता.

मी आबांकडे बघितलं. त्यांना फक्त ‘हां’ म्हणायचं होतं. एवढ्या एका शब्दात त्यांचं सगळं जपलं गेलं असतं, आणि मीसुद्धा तोंड उघडणार नव्हतो. देवाशप्पथ, त्यांनी हां म्हणावं असंच मला वाटत होतं.

आबांनी नानांच्या हातातून फोन घेतला. गोऱ्याकडे नीट बघितलं.

"हाऊ कोनी नही," ते म्हणाले. "पाटी लागेल शे, नाव लिखानं बाकी शे." मग जरा थांबून, नानांकडे बघत, "अन कंपनी-बिंपनी काही नही. मीच खोटं सांगेल व्हतं. पोऱ्यानी नोकरी सोडी दिधी. आते सोतानं काम करस."

आबांनी फोन धोतराला पुसून माझ्या हातात दिला. नाना त्यांच्याकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "चला, भरीत थंड व्हयी ऱ्हायनं." पंगत बसली. आबा माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी माझ्या ताटात दोनदा भरीत वाढलं, तरी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

घरी आल्यावर मी चपला न काढताच लॅपटॉप उघडला. ‘माझ्याविषयी’ या पानावर इतक्या आठवड्यांत जमलं नव्हतं ते एका ओळीत लिहिलं, आबा म्हणाले तसंच, त्यांच्याच बोलीत: ‘आते सोतानं काम करस.’ मग सगळं वर चढवलं, बायकोच्या फोनवर उघडून खात्री केली आणि आबांना लिंक पाठवली.

आबांचं उत्तर आलं नाही. मी पुन्हा येरझाऱ्या घालायला लागलो. तेवढ्यात भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझीच लिंक येऊन पडली, आबांनी टाकलेली, आणि तिच्याखाली त्यांच्या आवाजातला निरोप.

"हाऊ मना पोऱ्या शे. आते नाव लिखेल शे, बठ्ठा देखी ल्या."