आठ घरांचा रोल

जिल्ह्याच्या कचेरीत वैजीनाथ नकलनवीस होता. दहा ते पाच खाली मान घालून दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला करायच्या, शेवटी ‘अस्सलाबरहुकूम नक्कल’ असे लिहून सही ठोकायची, हे त्याचे काम. एवढा वेळ तो एका जागी बसे तो केवळ पगारासाठी. पाच वाजले की त्याच्या अंगात वारे शिरे. चहा तो उभ्यानेच पिई, वर्तमानपत्र चालता चालता वाची. आणि महिन्यातून निदान चारदा तो मोटारस्टँडवर जाऊन जिंतूरच्या किंवा पाथरीच्या गाडीची वाट पाहत येरझाऱ्या घाली. गाडीतून कोणी माणूस यायचे नसे. यायचा असे तो कापडी पिशवीत गुंडाळलेला एक डबाकॅमेरा.

हा कॅमेरा म्हणजेच परभणीचे छायाचित्र मंडळ. मंडळाला खोली नव्हती, फलक नव्हता. पोलीस कारवाईनंतरच्या वर्षी बांधकाम खात्यातल्या सय्यद मुनीर ओव्हरसियरांनी ते सुरू केले, आणि कॅमेरा एकच असल्यामुळे पद्धतही त्यांनीच घालून दिली. रोलमध्ये आठ घरे, म्हणून सभासद आठ. महिन्याला एक रोल. कॅमेरा एकाच्या हातून दुसऱ्याकडे जायचा. प्रत्येकाने एकच फोटो काढायचा, चावी फिरवून मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा आणायचा, आपल्या हाताने चिठ्ठी लिहायची, नंबर, गाव, तारीख, नाव, आणि कॅमेरा पुढे पाठवायचा. आठवा फोटो झाला की रोल वैजीनाथकडे. त्याच्या घरातल्या बिनखिडकीच्या बळदातून ज्वारी हलवून तिथे तो फिल्म धुई. बळद कितीही सारवले तरी कोंडा उडायचाच; मंडळाच्या बहुतेक फोटोंवर बारीक पांढरे ठिपके आहेत, ते त्यामुळे. मग आठही फोटोंचे ठसे वर्षभराच्या पाकिटात भर पडत नव्या रोलबरोबर सगळ्यांकडे फिरत; दुसरी प्रत पुठ्ठ्यावर चिकटवून त्याच्याकडे राही.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात राज्यांची फेरमांडणी झाली आणि मुनीरसाहेबांची नोकरी हैदराबादकडे गेली. स्टेशनावर त्यांनी आपला नंबर घड्याळे दुरुस्त करणाऱ्या बन्सीधरला दिला. कॅमेरा त्यांच्या स्वतःच्या मालकीचा होता, तो वैजीनाथच्या हातात ठेवून ते म्हणाले, “रोल फिरता रहा तो अगली दिवाली कू आके कॅमेरा मंडल के नाम कर देतूं. रुक गया तो मेरा मेरेकू वापस. मंजूर?”

“मंजूर, साहेब,” वैजीनाथ म्हणाला. गाडी सुटल्यावर तो प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर चालत गेला.

तीन महिन्यांत बदल्यांचे हुकूम सुटले. टपालखात्यातले व्यंकटराव औरंगाबादला गेले, शाळेतले दोन मास्तर आणखी लांब. तिघांनीही ‘आमचे नंबर ठेवा’ असे बजावले आणि तिघांनीही पुन्हा पत्र लिहिले नाही. उरले पाच: खुद्द वैजीनाथ, बन्सीधर, बोरीचे मुंजाजी, जिंतूरचे गिरणीवाले माणिकराव आणि पाथरीचा राधाकिशन. मार्च सत्तावनचा रोल पाथरीहून परत आला तेव्हा लाल खिडकीत सहाचा आकडा होता. सहा, सात, आठ ही घरे रिकामी.

रिकामे घर म्हणजे थांबलेला रोल, असा अर्थ वैजीनाथने स्वतःच लावला. कोणाला विचारले नाही. त्याच रविवारी तो कॅमेरा घेऊन बाहेर पडला आणि दुपारपर्यंत तीन फोटो काढून आला: कापसाची गाडी, आडावरचा रहाट, न्हाव्याचा आरसा. मग तीन चिठ्ठ्या लिहिल्या. व्यंकटरावांचे बाकदार ‘व’, थोरल्या मास्तरांचे ठसठशीत आकडे, धाकट्यांची घाई. दुसऱ्याचे अक्षर पाहून लिहिण्यात ज्याचे आयुष्य चालले होते, त्याला हे अवघड नव्हते. फक्त ‘अस्सलाबरहुकूम’ तेवढे लिहायचे राहिले.

हे सात महिने चालले. मंडळाच्या वहीत या सात महिन्यांत आठही नावांपुढे नियमित खुणा आहेत. वहीवर विसंबायचे तर मंडळ इतके जोमात पूर्वी कधीच नव्हते.

सप्टेंबर संपता संपता मुनीरसाहेबांचे कार्ड आले. दिवाळीला येतो. आणि नेमका तेव्हाच कॅमेरा बोरीत अडकला. मुंजाजींकडे तीन दिवस राहायचा तो नऊ दिवस राहिला. वैजीनाथने दोन कार्डे टाकली, उत्तर नाही. दहाव्या दिवशी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जिंतूरच्या गाडीत चढला. जागा असूनही तो दाराजवळ उभाच राहिला.

बोरीत मुंजाजी अंगणातल्या बाजेवर बसले होते. पन्नाशीचे, चांगली वीस एकर जमीन असलेले. मंडळातला शेती करणारा एवढा एकच सभासद.

“राम राम, मुंजाजी. नऊ दिवस झाले,” वैजीनाथ फाटकातूनच म्हणाला.

मुंजाजींनी आवाजाच्या बाजूला तोंड वळवले. पण नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली. “कोण, वैजीनाथराव? या की. बसा.”

“बसायला आलो नाही. कॅमेरा कुठे आहे?”

आतून त्यांची बायको गोजरबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. “नऊ दिस आभाळ व्हतं, भावजी. उजेडाबिगर काय काढू मी?”

बोलून झाल्यावर ती थबकली. मुंजाजींनी हलकेच कपाळावर हात मारला.

“मी म्हणजे?” वैजीनाथने विचारले.

“सांग आता,” मुंजाजी म्हणाले. “तोंडातून गेलं ते गेलं.” मग स्वतःच सांगू लागले. “दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. होळीपासून निस्तं धुकं. तुमाला कळवलं असतं तर नंबर गेला असता. मग ही काढती. चिठ्ठी मी लिहितो, अदमासानं.”

मुंजाजींच्या चिठ्ठ्यांतल्या ओळी अलीकडे वर वर चढत गेलेल्या वैजीनाथने पाहिल्या होत्या. म्हातारपण, असे म्हणून सोडून दिले होते. आता त्याचा आवाज चढला. “सात महिने? दुसऱ्याच्या नावावर फोटो? नियम आहे मुंजाजी, ज्याचा नंबर त्याचाच हात! साहेबांना मी काय तोंड दाखवू?”

गोजरबाईने तांब्या खाली ठेवला, आत गेली आणि फोटोंचे पाकीट घेऊन आली. त्यातले चार तिने बाजेवर ओळीने मांडले.

“मला वाचता येत न्हाई, भावजी. मागं नाव कुणाचं हाय ते तुमी सांगा. पर ही चार एकाच माणसानं काढलेत.”

चारांतला एक त्याचा स्वतःचा होता. उरलेले व्यंकटरावांचे आणि दोन्ही मास्तरांचे.

“कशावरून?”

“ह्येच्यात बघा. गाडीचं चाक डाव्या अंगाला पुसलेलं. रहाट तसाच. आरसा तसाच. काढणाऱ्याला दम न्हाई. खटका दाबला की लगीच हात उचलतोय.” तिने चौथ्या फोटोवर बोट ठेवले. “ह्यो तुमचा हाय, मला ठाव हाय, कारण ह्यात तुमचं दार हाय. मी माझा कॅमेरा उखळावर ठिवते आन् श्वास धरते.”

वैजीनाथने चारही फोटो उचलले, पुन्हा ठेवले, पुन्हा उचलले. डाव्या बाजूचा तो फराटा त्याने प्रत्येक महिन्यात पाहिला होता आणि कॅमेऱ्याचा दोष समजला होता.

मुंजाजींना हसू आवरेना. “म्हंजी आंधळा फोटो काढायलाय आन् गाव सोडून गेलेले बी काढायलेत! लय भारी मंडळ हाय राव आपलं.”

“हसू नका.”

“मग काय रडू? आवो, तुमी आमचं झाका, आमी तुमचं झाकतो. दिवाळी झाली की कॅमेरा आपला. मग कोण इचारतंय?”

त्या दिवशी ऊन पडले. गोजरबाईने उखळ अंगणात ओढले, त्यावर कॅमेरा ठेवला आणि बाजेवरच्या नवऱ्याकडे रोखून ती इतका वेळ स्तब्ध राहिली, की पाहणाऱ्या वैजीनाथचेच पाय अवघडले. मग खटका वाजला. तिने चावी फिरवली, लाल खिडकीत चार आणला आणि कॅमेरा पिशवीत बांधून त्याच्या हाती दिला. कॅमेरा जिंतूरच्या गाडीने पुढे धाडून तो परतला; परतीच्या गाडीतही उभाच होता. झाकाझाकीच्या सौद्याला त्याने हो म्हटले नव्हते. नाहीही म्हटले नव्हते.

दिवाळीच्या पाडव्याला मुनीरसाहेब आले. बन्सीधरच्या दुकानामागच्या ओसरीवर चटई टाकली होती. जिंतूरहून माणिकराव आले होते, पाथरीहून राधाकिशन. बोरीहून कोणी आले नव्हते. साहेबांनी वर्षभराचे पुठ्ठे एकेक करून पाहिले. व्यंकटरावांच्या नंबरावरच्या न्हाव्याच्या आरशापाशी ते थांबले.

“ये वेंकटराव का? हाथ सुधर गया उसका. औरंगाबाद जाते जाते मिलतूं उसकू.”

“फार बिझी असतात ते,” वैजीनाथ घाईने म्हणाला, आणि पाणी आणायला उठला. पाणी समोरच होते.

“बैठो तो जरा! अरे, तुमारे पाँव में क्या चक्कर है?” साहेब हसले. मग त्यांनी खिशातून पाच आण्यांचा स्टॅम्पपेपर काढला. “लिखो. अक्षर तुमारा अच्छा है. ये कॅमेरा आठ मेंबरों के नाम. आठों के नाम नंबरवार लिखो, नीचे मैं सही करतूं.”

वैजीनाथने मांडीवर पाटी घेतली, दौत उघडली. मजकूर झरझर उतरला. मग नावे. एक, वैजीनाथ. दोन, बन्सीधर. तीनच्या पुढे टाक क्षणभर अडला. त्याने लिहिले, ‘गोजरबाई, भ्रतार मुंजाजी, राहणार बोरी.’ चार, माणिकराव. पाच, राधाकिशन. सहाचा आकडा त्याने लिहिला, आणि तिथे हात थांबला. कचेरीत त्याने हजारो कागद उतरवले होते. खरे होते, खोटेही असतील, पण ते दुसऱ्यांचे होते. त्याच्या खालची त्याची सही इतकेच सांगत असे की समोर जे आहे ते जसेच्या तसे आहे. या कागदाच्या समोर ठेवायला मूळ काहीच नव्हते.

“पाँच?” साहेबांनी विचारले. त्यांना मराठी वाचता येत नव्हते. त्यांनी ओळी मोजल्या होत्या.

“पाचच आहेत, साहेब. मार्चपासून. बाकीची तीन घरे मी भरली. चिठ्ठ्याही माझ्याच.” आणि मग थांबता न आल्यामुळे त्याने सगळेच सांगितले: आरसा, रहाट, डावीकडचे फराटे, बोरीचे उखळ.

माणिकराव चटईची काडी उपसत राहिले. राधाकिशन पुटपुटला, “आम्हाला तरी सांगायचं होतंस, लेका.”

साहेबांनी स्टॅम्पपेपर घेतला, शाई वाळली का ते पाहिले आणि घडी करून खिशात घातला. कॅमेरा उचलून मांडीवर ठेवला. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर वैजीनाथला बरे वाटले असते.

“सात महीने मेरेकू नाटक दिखाए. कायकू? मैं बोला था रोल फिरना. भरना कौन बोला? खाली घरां खालीच रखना था ना, बाबा.”

“मला वाटलं, रिकामं दिसलं की तुम्ही नेणार.”

“पूछना था.” त्यांनी गोजरबाईने काढलेला फोटो समोर धरला: बाजेवरचा मुंजाजी, डोळे उघडे, नजर कॅमेऱ्याच्या किंचित वर, आणि कुठेही फराटा नाही. “ये कागज आज नहीं होता. अगली दिवाली कू देखते. तब तक कॅमेरा इधर है, पर मेरा है. और बोरी से निकलेगा. पैला नंबर उस बाई का. तुमारा आठवाँ. बीच के तीन घर में हाथ नक्को लगाओ.”

शिक्षा म्हणून यापेक्षा कठीण काही वैजीनाथला सुचवता आले नसते. आठ वर्षे कॅमेरा आधी त्याच्या हातात येई. कोणता रोल कुठे आहे हे त्याला झोपेतही सांगता येई. आता नवा रोल त्याने बोरीला पाठवला आणि जिंतूर, पाथरी करत तो कुठवर आला याचा पत्ता त्याला लागेना. तो स्टँडवर जाई, परत येई. बन्सीधरच्या दुकानापुढून दिवसातून तीनदा जाई. “आला की देईन की हो,” बन्सीधर डोळ्याचे भिंग न काढता म्हणे, “तुम्हाला बघून माझी घड्याळं पुढं पळायलीत.”

नोव्हेंबरअखेर कॅमेरा त्याच्या हाती आला. लाल खिडकीत पाच. त्याचा नंबर आठवा. त्याने चावी फिरवायला घेतली. पाच गेला. सहा आला. उन्हात समोर एक वासुदेव उभा होता, मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या; खटक्यावर अंगठा आपोआप गेला. त्याने तो काढून घेतला आणि चावी फिरवली. सात. वासुदेव निघून गेला. आठ. तेव्हा समोर फक्त भिंत होती. त्याने दुकानाच्या पायरीवर कॅमेरा टेकवला, श्वास धरला, आणि भिंतीचा फोटो काढला. धुतल्यावर पाहिले: फराटा होता, पण निम्मा.

मधल्या तीन घरांचेही ठसे त्याने घेतले. कोऱ्या फिल्ममधून उजेड सरळ गेला आणि कागदावर तीन काळे चौकोन उमटले. ते त्याने इतर पाचांच्या ओळीतच पुठ्ठ्यावर चिकटवले. खाली नाव लिहिले नाही. डिसेंबरच्या पुठ्ठ्यावरही तीन काळे चौकोन आहेत. ठशांचे पाकीट फिरून आले तेव्हा माणिकरावांनी मागे लिहिले होते: ‘गिरणीतले लोक विचारतात, हे काळे फोटो कशाचे? मी सांगतो, जागा आहे.’

जानेवारी अठ्ठावन्नचा रोल आठ दिवस उशिरा आला. बन्सीधरने पिशवी दिली. वैजीनाथने दुकानाच्या दारातच कॅमेरा उलटा केला. लाल खिडकीत पाच असायला हवा होता. सहा होता.

पिशवीत चिठ्ठ्या पाच निघाल्या. गोजरबाईची, मुंजाजींच्या चढत्या अक्षरात. माणिकरावांची. मग एक साधा कागद, त्यावर आकडा ‘३’ आणि खाली डाव्या अंगठ्याचा शाईचा ठसा. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. मग राधाकिशनची आणि बन्सीधरची.

“हा कोण?”

“मला काय ठाऊक? माझ्याकडं आला तेव्हा होताच.”

ठसा बारीक होता. बाईचा की कोवळ्या पोराचा, सांगता येत नव्हते. रेषा कुठेही फराटलेल्या नव्हत्या. माणिकरावांनंतरचा नंबर, म्हणजे जिंतूरचाच कोणी. गिरणीतलाच असेल, किंवा नसेलही. वहीत नाव लिहिल्याशिवाय नोंद होणार नव्हती, आणि ठशावरून नाव लिहायचे नाही, विचारायचे, एवढे तो आता शिकला होता.

सहा आणि सात त्याने न दाबता पुढे नेले. आपला फोटो कशाचा काढला हे त्याला नंतर नीट आठवले नाही. कॅमेरा बन्सीधरच्या ताब्यात ठेवून, तो अंगठ्याचा कागद वहीत घालून तो मोटारस्टँडवर गेला. जिंतूरची गाडी लागलेली होती. मागे तीन बाक रिकामे होते. तो दाराजवळ उभा राहिला आणि गाडी कधी सुटणार, असे त्याने कंडक्टरला दुसऱ्यांदा विचारले.